नारळावर चालणारी प्रेस

भोसरीच्या त्या वर्कशॉपात दोन्ही शिफ्टची माणसं पत्रे दाबणाऱ्या पॉवर प्रेसभोवती हात जोडून उभी होती. महिनाभर मध्येच बंद पडणारी प्रेस झुंबरमहाराजांनी सेन्सरच्या डब्यावर नारळ ठेवताच धडाधड चालू लागली होती.

"आत्मा व्हता आत! आमी बांधला त्याला," महाराज गरजले. "हॉर्सपॉवर कितीबी असू दे, आमच्या पॉवरफुडं चालत न्हाई!"

मालक सयाजीशेठांनी लोटांगण घातलं. आत्मेही आता एमआयडीसीत कामाला लागले म्हणायचे!

वर्कशॉपातली वायरिंग बघणाऱ्या वर्षालीला मात्र धड हसूही येईना. डबा तिनेच बनवलेला. प्रेसखाली पत्रे सरकवणाऱ्या कस्तुराबाईंचा हात आत असेल, तर प्रेस थांबवायची एवढंच त्याचं काम. पण चाचणीपुरता जोडलेला ब्रेडबोर्ड, भोकांत नुसत्या खोचलेल्या तारांसकट, तिने घाईत तसाच डब्यात कोंबला होता.

तिने कस्तुराबाईंना दूर उभं केलं आणि नारळ उचलला. प्रेस थांबली. आपला जेवणाचा डबा तिथे ठेवला. प्रेस सुरू!

"यात भेंडीची भाजी आहे, महाराज. तिलाही सिद्धी आहे का?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. वर्षालीने सेन्सरच्या डब्याचं झाकण उघडून दाखवलं. "धक्क्यांनी ही तार सुटते. डब्याला वाटतं, आत हात आहे. नारळाच्या वजनाने झाकण दबतं, तार पुन्हा टेकते. चूक माझी आहे, भुताची नाही."

दोन दिवस बसून तिने एकेक जोड सोल्डर केला, तारा स्क्रूखाली आवळल्या, पट्ट्यांनी बांधल्या, डब्याखाली रबर घातलं. नारळाशिवाय प्रेस आठवडाभर चालली. थांबली ती दोनदाच, आणि दोन्ही वेळा कस्तुराबाईंचा हात खरोखर आत होता.

"दोनदा थांबली, म्हंजी आत्मा परत आला," महाराज म्हणाले. "पोरगी सोताच म्हनती, चूक तिची. आमची कधी चूक झालीय का?"

"नाही हो," शेठ म्हणाले. सेन्सरचा डबा काढून प्रेस थेट विजेला जोडली गेली. वर नारळ बसला. वर्षाली भांडली, रडकुंडीला आली. ऐकणारं कोणी नव्हतं.

"पोरी, ह्याच बोटांनी भाकऱ्या थापते मी," कस्तुराबाई हळूच म्हणाल्या. "पण शेठला कोन सांगनार?"

नारळ हवा तर ठेवा, पण त्याला आतला हात कळत नाही. 'चुकलो' म्हणणाऱ्याचं म्हणणं एकदा तपासून तरी पाहा. ज्याला हात कळत होता, तो डबा वर्षालीच्या पिशवीत आहे. कस्तुराबाई उद्या सकाळी सातला कामावर येणार आहेत.