ठवणीवरचा डावखुरा

मित्रांनो, ठवणी म्हणजे काय ते तुमच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल, म्हणून आधी माझी ओळख करून देते. पोथी वाचताना ती जमिनीवर ठेवायची नाही, असा आपल्याकडे रिवाज आहे. मग ठेवायची कशावर? माझ्यावर. दोन फळ्या एकमेकींत अडकवून फुलीसारख्या उभ्या केल्या की झाली ठवणी तयार. मिटली की भिंतीला टेकवून ठेवायची. मी शिसवाची आहे, जुनी आहे आणि थोडी मानी आहे.

नेवाशाच्या राधाकृष्ण सुतारांनी माझ्या दोन्ही फळ्या एकाच लाकडातून कोरून काढल्या. माझ्या अंगात एकही खिळा नाही, बिजागरीसुद्धा लाकडातच कोरलेली. सत्यशीला ही माझी मालकीण. तिच्या वडिलांनी तिच्या लग्नात भांड्याकुंड्यांबरोबर मला दिलं, आणि प्रवरेचा काठ सोडून मी कर्जतकडच्या कोरड्या मुलखात आले. सत्यशीला शाळेत फार शिकली नव्हती, पण पोथी वाचावी तर तिनंच. दर श्रावणात आळीतल्या बायका ओसरीवर जमायच्या. ती मला उघडायची, हळदीकुंकू लावायची आणि तीच पोथी पुन्हा पहिल्या पानापासून लावायची. पोथी चालू असली की कुणी मधेच उठायचं नाही. वाचणाऱ्यानं वाचायचं आणि अर्थ दुसऱ्यानं सांगायचा. आणखी एक रीत तिनं वडिलांकडून घेतली होती. पोथीतला माणूस संकटात असताना वाचन थांबवायचं नाही. त्याला वनात धाडून आपण ताटावर बसायचं, हे तिला पटत नसे. उशीर झाला तरी चालेल, पण थांबायचं ते सुखाच्या जागी.

तिचा नवरा मच्छिंद्र एसटीत ड्रायव्हर होता. त्याचा देव वेगळा. त्याच ओसरीच्या दुसऱ्या टोकाला तो रेडिओ कानाला लावून बसायचा, आणि इकडे पोथीत लग्न लागत असताना तिकडून "गेला, गेला" ऐकू यायचं. शिर्डीला, पुण्याला गाडी लावली की तो स्टँडवरच्या दुकानातून क्रिकेटचं पुस्तक आणायचा. खेळाडूंची चरित्रं, दौऱ्यांच्या हकिकती, असं काय काय. आणायचा आणि ट्रंकेत टाकायचा. वाचायचा मात्र नाही. सत्यशीलानं विचारलं की म्हणायचा, "डायवरनं डोळं रस्त्यावर खर्चायचं असत्यात. रिटायर झालो की वाचतो समदी."

पण साखरेचा आजार आधी त्याच्या डोळ्यांत शिरला. नोकरीची शेवटची काही वर्षं डेपोनं त्याच्या हातात गाडी दिलीच नाही, टायरांच्या खोलीवर बसवलं. तो घरी आला तेव्हा त्याला उजेड तेवढा कळत होता, अक्षर नाही. ट्रंक भरलेली होती आणि वाचणारे डोळे संपले होते.

माझेही दिवस तोवर फिरले होते. बायका मोबाईलवर पोथी ऐकू लागल्या, आणि मला मिटवून टीव्हीच्या डब्याखाली सरकवलं, डबा डुगडुगू नये म्हणून. तिथं मी धूळ खात पडले होते. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? ज्या अंगावर हळदीकुंकू वाहिलं त्यावर आता झुरळं हिंडत होती.

एक दिवस आळीत भंगारवाल्याचा टेम्पो भोंगा वाजवत आला. मच्छिंद्र खाटेवरून म्हणाला, "पुढच्या खेपंला त्यो आला की ट्रंक देऊन टाक त्याला. आंधळ्याच्या घरात पुस्तकं कशाला?"

"वाचल्याबिगर द्यायची?" सत्यशीला म्हणाली.

"कोन वाचनार?"

"मी हाय की."

"तुला क्रिकेटातलं काय कळतंय?"

"पोथीतलं तरी कुटं समदं कळतं? एक पुस्तक ऐका. न्हाई पटलं तर जाऊ द्या ट्रंक."

एवढ्यावर ठरलं. तिनं मला डब्याखालून ओढलं, पुसलं, दोन बोटं तेल चोळलं. मी खूश झाले, पण माझ्यावर काय ठेवलं ते बघून मनातून खट्टूच झाले. मित्रांनो, पुस्तक उघडून ठेवलं की पानं वाचणाऱ्याला दिसतात, मला फक्त त्याचं बाहेरचं अंग दिसतं. आणि त्या मुखपृष्ठावर हेल्मेट घातलेला एक माणूस बॅट उगारून उभा होता. संतांच्या पोथ्या झेलणारी मी, आणि माझ्या वाट्याला हा! तो एक डावखुरा फलंदाज होता. त्याचं नाव मी सांगत नाही, तुमच्यात उगाच पैजा लागतील.

सत्यशीलानं सुरुवात केली ती पोथीच्या चालीत. "घरामागल्या पडक्या विहिरीपाशी मी पहिल्यांदा बॅट धरली, तीही उलट्या हातानं," हे वाक्य तिनं असं लांबवलं की मच्छिंद्र वैतागला.

"आगं, क्रिकेट हाय त्ये. आरतीवानी काय म्हनतीस?"

"मला दुसरं वाचताच येत न्हाई. ऐकायचं तर आसंच ऐका."

तो भिंतीकडे तोंड करून पडला. इतक्यात शेजारची लंकाबाई आली. ती दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची, तोवर घरीच होती. पोथीची चाल ऐकून ती चप्पल बाहेर काढून आत आली, माझ्यापुढं डोकं टेकवलं आणि हात जोडून बसली. त्या डावखुऱ्याचं लहानपण, त्याच्या आईचे कष्ट, पावसात वाहून गेलेला त्याचा पहिला सामना, सगळं तिनं मान डोलवत ऐकलं. सत्यशीलानं पान उलटलं तेव्हा तिनं हळूच विचारलं, "ह्यो कंचा अवतार म्हनायचा, बाई?"

मच्छिंद्र हसला. खाटेवर उठून बसून, खांदे हलेपर्यंत हसला. कित्येक महिन्यांत त्या घरात तो आवाज आला नव्हता. सत्यशीलानं एका हातानं माझी कड धरली आणि पुढचं पान वाचायला घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून लंकाबाई दुपारची रोज येऊ लागली. सत्यशीला वाचायची, आणि अडलं की लंकाबाई विचारायची, "मेडन म्हंजी काय वो, भावजी?"

"सहा बॉल टाकायचं आन एकबी रन द्यायची न्हाई."

"म्हंजी मोळ्या उचलून उचलून मरायचं आन गाडी भरायचीच न्हाई?"

"बॅट ज्येच्या हातात हाय त्येच्या अंगानं बघितलं तर तसंच."

असं करता करता मच्छिंद्र खाटेवरून खाली उतरला आणि माझ्याशेजारी सतरंजीवर बसू लागला. कुठल्या सामन्याच्या वेळी त्याची गाडी कुठं उभी होती, कोण प्रवासी रेडिओसाठी खिडकीशी आला होता, सगळं त्याच्या तोंडावर. पुस्तकात दोन ओळी असल्या तर तो त्यांचा अर्धा तास करायचा. वाचणारी आणि अर्थ सांगणारा, दोघंही माझ्यासमोर बसली होती. हे मला आवडू लागलं होतं, आता लपवून काय करायचं?

एकदा दिवस मावळला तरी सत्यशीला उठेना. डावखुऱ्याला संघातून काढलं होतं. मच्छिंद्र म्हणाला, "जा, भाकरी कर. म्होरं काय हुतं त्ये मला ठाव हाय."

"तुमाला ठाव आसंल. मला न्हाई. काढून टाकलेल्या मानसाला तसाच ठिवून कशी उठू?"

तिनं दिवा लावला आणि तो संघात परत येऊन शतक मारीपर्यंत वाचलं. त्या दिवशी दोघांनी सकाळची शिळी भाकरी दह्यात कुस्करून खाल्ली, आणि कुणाचीही तक्रार नव्हती.

पुस्तक सरत जातं तसं वजन माझ्या उजव्या फळीवरून डाव्या फळीवर येतं. त्यामुळं किती राहिलं ते मला न बघता कळतं. उजवी फळी हलकी होत गेली तसा मच्छिंद्र गप्प होत गेला. अर्थ सांगायचं त्यानं सोडून दिलं. शेवटच्या दुपारी तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. शेवट मला ठाव हाय. शिर्डीला गाडीत बसून ऐकला हुता. शेवटच्या डावात शून्यावर गेला त्यो."

"मग?"

"मग काय? संपलं. माझंबी त्येच झालं. हयातभर गाडी हाकली आन शेवटी टायरं राखली. लोकांच्या ध्यानात शेवटच ऱ्हातो."

लंकाबाईनं पदर तोंडाला लावला. लांबून टेम्पोचा भोंगा ऐकू येऊ लागला.

"आला बग त्यो," मच्छिंद्र म्हणाला. "वाचून टाक आन ट्रंक काढ भाईर."

तिनं वाचलं. एक शब्द गाळला नाही की बदलला नाही. डावखुरा शून्यावर बाद झाला, आत आला, पायाचे पॅड सोडले आणि कुणाशी न बोलता बराच वेळ बसून राहिला. पुस्तक तिथंच संपलं. टेम्पो दारात थांबला आणि भंगारवाल्यानं हाक मारली, "मामा, काय भंगार हाय का?"

सत्यशीलाचा हात पुस्तक मिटायला आला असं मला वाटलं. पण तिनं डावीकडची सगळी पानं एका मुठीत धरली आणि उलटून पलीकडं टाकली. माझ्या डाव्या फळीवरचं सगळं ओझं उजवीवर आलं. ती त्याच चालीत वाचू लागली, "घरामागल्या पडक्या विहिरीपाशी मी पहिल्यांदा बॅट धरली, तीही उलट्या हातानं."

"आगं, संपलं की त्ये," मच्छिंद्र म्हणाला.

"शून्यावर कशी थांबू? माझ्या बापाची रीत हाय ती." आणि ती पुढं वाचू लागली.

बाहेरून पुन्हा हाक आली. मच्छिंद्रनं चाचपडत माझी कड धरली, सत्यशीलाच्या हाताशेजारीच, आणि दाराकडं तोंड करून म्हणाला, "बाबा, आत्ता उठता यायचं न्हाई. आमच्यात पोथी चालू हाय."

भंगारवाल्यानं भोंगा बंद केला. टेम्पो आळीबाहेर नेऊन मगच त्यानं तो पुन्हा सुरू केला.

ट्रंक अजून घरातच आहे. सध्या माझ्यावर एका फिरकी गोलंदाजाचं पुस्तक आहे, आणि लंकाबाई कारखान्यावर जाण्याआधी ते पुरं करायचं असं चाललंय. मुखपृष्ठावर कोण आहे ते मी आता बघतसुद्धा नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी टीव्हीखाली नाहीतर माळ्यावर पडलं असेल तर त्याला खाली काढा. दोन बोटं तेलात आमचं भागतं. आणि घरात ज्यांचे डोळे थकलेत त्यांना विचारा, कुठलं पुस्तक वाचायचं राहिलंय. ते वाचून दाखवा, तुम्हाला जमेल त्या चालीत. फक्त त्यांचा माणूस शून्यावर असेल तेव्हा पुस्तक मिटू नका.