दोनदा दाबलेला हात

दुन ज्वाकीन पाद्री मरणाऱ्यासाठी पवित्र भाकर घेऊन गल्लीत शिरला. पुढे घंटा वाजत होती आणि बायका हातातलं काम टाकून दारादारांत गुडघे टेकत होत्या. गुडघे जमिनीवर होते, पण डोळे सगळ्यांचे लेलीच्या दाराकडे. कारण लेली मजूर पक्षाचा. गोदीतून सुटला की पक्षाचं वर्तमानपत्र घरोघर वाटायचा, आणि ते वाचणंसुद्धा महापाप आहे असं बिशपांनी जाहीर करून वर्ष होत आलं होतं. माल्टात निवडणूक तोंडावर आली होती, आणि तिच्यात उमेदवारांपेक्षा देवच जास्त राबत होता.

पाद्रीला बोलावलं होतं जूझाने, लेलीच्या बायकोने, नवऱ्याला न विचारता. विचारणार तरी कसं? झटका आल्यापासून लेलीची वाचा गेली होती. त्याआधीचं त्याचं शेवटचं बोलणं मात्र तिच्या कानात होतं. "मला चेन्सूशेजारी टाका. तिकडं मंडळी बरी आहे."

चेन्सू त्याचा जिवलग. तो थंडीच्या सुरुवातीलाच गेला. मरतानाही पक्ष सोडतो म्हणाला नाही म्हणून त्याला दफनभूमीच्या भिंतीपलीकडे पुरलं, ना घंटा ना प्रार्थना. गाव त्या तुकड्याला उकिरडा म्हणे. जूझाने ते गाडणं डोळ्यांनी पाहिलं होतं. भिंतीपलीकडचा माणूस अखेरच्या निवाड्यालाही भिंतीपलीकडेच उठणार, अशी तिची पक्की समजूत. मग अलीकडे ती एकटीच उठणार?

"लेली," दुन ज्वाकीन खाटेशी वाकून म्हणाला, "बोलता येत नसेल तर नको बोलूस. पक्ष सोडला, पश्चात्ताप झाला, असं असेल तर जूझाचा हात दाब. देव समजून घेईल."

जूझाने चादरीखाली नवऱ्याचा हात धरला. लेलीचे डोळे उघडे होते. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि उरलीसुरली सगळी ताकद लावून आपला हात तिच्या हातातून सोडवून घेतला.

"दाबला," जूझा म्हणाली. आणि खोटं बोलणाऱ्याला असते तशी भीती वाटून वर म्हणाली, "दोनदा दाबला, दुन ज्वाकीन."

पाद्रीचे डोळे भरून आले. माणूस वाईट नव्हता, हे सांगायलाच हवं. त्याला खरोखरच आनंद झाला. त्याने लेलीच्या कपाळाला तेल लावलं. लेलीने डोळे मिटून घेतले ते पुन्हा जूझाकडे बघायला उघडलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी तो गेला. घंटा वाजल्या, सहा जणांनी खांदा दिला, आणि भिंतीच्या अलीकडे चांगली जागा मिळाली.

मतदानाच्या आधीच्या रविवारी दुन ज्वाकीन चर्चच्या व्यासपीठावरून म्हणाला, "मजूरवाल्यांनो, आपल्या लेलीकडे बघा. वाचा गेली होती, पण बायकोचा हात दाबून तो देवाकडे परत आला. एकदा नाही, दोनदा दाबला."

लेलीचा मुलगा कार्मनू मागे दारापाशी उभा होता. तो तसाच बाहेर पडला. संध्याकाळी घरी येऊन त्याने आपले कपडे गोळा केले.

"गोदीत दफनापासूनच माझ्या तोंडावर हसतात. म्हणतात, तुझा बाप आयुष्यभर गरजला आणि मरताना मांजर झाला."

"अरे, निदान जेवून तरी जा."

"आई, त्यांनी खरंच दाबला?"

जूझाने सशाच्या रश्शात पळी फिरवली. "देवाच्या भाकरीसमोर मी खोटं बोलेन का?"

तो गेला. पक्ष निवडणूक हरला. आणि जूझाच्या जिवाला घोर लागला, कारण ईस्टर जवळ येत होता. ईस्टरला भाकर घ्यायची तर आधी पाद्रीपुढे पापं कबूल करून क्षमा मिळवायला हवी, आणि दुन ज्वाकीनसमोर हे पाप ओकायची तिची छाती नव्हती. ती बस पकडून लांबच्या गावी, अनोळखी पाद्रीकडे गेली. जाळीपलीकडून पहिला प्रश्न आला, "घरात वर्तमानपत्र कुठलं येतं?"

"आता कुठलंच नाही, फादर. वाटणारा गेला."

मग तिने सगळं सांगितलं. 

"बाई, तुमच्या खोट्यावर गावाला उपदेश झाला. आधी तुमच्या पाद्रीला खरं सांगा, मग मी क्षमा देतो."

"मग आमच्या ह्यांना कबरीतून उकरतील का?"

"ते मी कसं सांगू?"

"मग राहू दे," जूझा म्हणाली आणि उठली. बसमध्ये ती रडली. नवऱ्याला अलीकडे आणता आणता ती स्वतःच पलीकडे जाऊन पडली होती.

ईस्टरच्या सकाळी चर्च खच्चून भरलं होतं. भाकर घ्यायला एकेक रांग उठू लागली. जूझाची रांग उठली, ती बसून राहिली. बायका तिचे गुडघे ओलांडून गेल्या.

"बघा, हीही लाल झाली," शेजारची तेरेझ कुजबुजली. "नवरा सुधारला आणि ही बिघडली."

कार्मनू सणापुरता दारात येऊन उभा होता. त्याने ते ऐकलं. रोज जपमाळ ओढणारी आपली आई ईस्टरला बसून आहे, हे त्याला कळेना. तो आत आला, तिच्या शेजारी बसला.

"आई, का नाही गेलीस?"

 जूझाने त्याचा हात हातात घेतला, घट्ट धरला, आणि मग आपला हात झटक्याने सोडवून घेतला.

"असं केलं त्यांनी," ती म्हणाली. "चादरीखाली."

कार्मनूचा चेहरा उजळला. तो अर्धा उठलाच. चौकात जाऊन ओरडून सांगायचं होतं त्याला, गोदीत एकेकाची गचांडी धरून सांगायचं होतं.

"सांग हवं तर," जूझा म्हणाली. "मी अडवणार नाही. पण तुझे बाबा भिंतीच्या कुठल्या बाजूला आहेत ते आठव."

तो पुन्हा खाली बसला. वेदीजवळून दुन ज्वाकीन दोघांकडे पाहत होता. बापामागून मुलगाही परत आला असं वाटून तो प्रेमाने हसला.

कार्मनूने मान खाली घातली. बापाने शेवटपर्यंत घातली नव्हती ती.