दुसऱ्या ओळीवरचा वाचक

मित्रांनो, तुम्ही रोज मला दोन अक्षरे टाकून कामाला लावता आणि काम झाले की विसरून जाता. तुमचे काही चुकत नाही. मी असतेच किती वेळ? डोळे मिटून उघडेपर्यंत. मी एक जुनी शोधपट्टी आहे. छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात विशाखा मॅडमचा संगणक वर्ग आहे, तिथल्या खिडकीशेजारच्या चार नंबरच्या संगणकावर माझा मुक्काम असतो.

माझा जन्म एका कंटाळलेल्या माणसाच्या हातून झाला. हवा तो प्रोग्राम शोधायला त्याला दहा ठिकाणी क्लिक करावे लागे. वैतागून त्याने मला लिहून काढले आणि तीन गोष्टी माझ्या मनावर बिंबवल्या. टाकलेल्या अक्षरांशी ज्यांचे नाव जुळते त्यांनाच रांगेत घे. त्यातही ज्याला लोक जास्त वेळा बोलावतात त्याला पुढे उभे कर. आणि कालची हाक मोठी मान, महिन्यापूर्वीची लहान. मग पहिल्या ओळीवर आपोआप हवे तेच नाव येते आणि माणूस न बघता एंटर मारतो.

या शिस्तीचा मला भारी अभिमान होता. मी कुणाची बाजू घेत नाही, वशिला चालू देत नाही. सुरुवातीला माझे कौतुकही खूप झाले. "मनातलं ओळखतंय की हे!" असे विशाखा मॅडम येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. पुढे संगणकाच्या पडद्यावर रंगीबेरंगी चित्रे मांडली गेली. मुले माउस धरून त्या चित्रांवर टिचक्या मारू लागली आणि माझ्याकडे कुणी फिरकेना. मला वाईट वाटले, खोटे का बोलू?

एकच माणूस मला सोडून गेला नाही. त्याचे नाव याह्या. शहागंजात त्याच्या अब्बांचे बॅगांचे दुकान आहे. याह्याला जन्मापासून दिसत नाही. मॅडमनी पहिल्या दिवशी सवयीने माउस पुढे केला तेव्हा तो हसून म्हणाला, "मॅडम, इसका मैं क्या करूं? मला बटनं द्या."

बटणांवर त्याची बोटे भराभर चालत. पडद्यावरचे मोठ्याने वाचून दाखवणारा 'वाचक' नावाचा प्रोग्राम आहे, तो त्याचा सोबती. बाकीच्यांना ती बडबड नको असते, म्हणून वाचक एरवी बंदच असतो. याह्या यायचा, मला उघडायचा, 'वा' लिहून एंटर मारायचा. "वाचक सुरू झाला," असा आवाज आला की पुढचे सगळे त्याच्या हातात. पण तो आवाज येईपर्यंत त्याचा सगळा भरवसा माझ्या पहिल्या ओळीवर. दोन वर्षांत मी त्याला एकदाही दगा दिला नव्हता.

वर्गाचे मालक तात्यासाहेब. त्यांना सकाळच्या बॅचला शिकवायला माणूस हवा होता. विशाखा मॅडमनी याह्याचे नाव सुचवले. तात्यासाहेब माणूस चांगला, पण त्यांना शंका होती. ते म्हणाले, "हे बघ याह्या, सोमवारी पोरांसमोर मशीन तूच चालू करायचं. कोणी बोट लावायचं नाय. जमलं तर बॅच तुझी."

"व्हय, जमतंय," याह्या म्हणाला. ही नोकरी त्याला फार हवी होती. अब्बांच्या दुकानात लोक त्याच्याशी प्रेमाने बोलत, पण काम कुणी सांगत नसे.

उन्हाळी बॅच सुरू होऊन तीन आठवडे झाले होते; सगळे संगणक मुलांकडे, म्हणून त्या काळात याह्या आलाच नव्हता. लहान मुलांना शेवटचा अर्धा तास खेळायला मिळे. मोनिका नावाच्या मुलीला 'वाघोबा' हा खेळ हवा होता, पण पडद्यावर त्याचे चित्र नव्हते. मग तिने मला शोधून काढले आणि 'वा' लिहून खाली शोधत वाघोबा गाठला. तिचे पाहून सगळ्यांनी तेच केले. रोज दहा-पंधरा वेळा. किती दिवसांनी माझ्याकडे गर्दी! मी हरखून गेले. नियमाप्रमाणे वाघोबाला पहिल्या ओळीवर आणले, वाचकाला दुसऱ्या.

सोमवार उजाडला. मुले मागे उभी राहिली, तात्यासाहेब खुर्चीवर. याह्याने बटणांवरचे उंचवटे चाचपले, मला उघडले आणि 'वा' लिहिले. डोळस माणसाने दुसरी ओळ एका नजरेत टिपली असती. याह्याने नेहमीसारखा एंटर मारला.

खोलीत वाघाने डरकाळी फोडली.

मुले खो-खो हसली. "हे काय लावलंय?" तात्यासाहेब म्हणाले. विशाखा मॅडमनी घाईने माउसकडे हात नेला. "मॅडम, हात लावायचा नाय ठरलंय," तात्यासाहेबांनी अडवले.

याह्याचे कान लाल झाले. मित्रांनो, मी इतकी ओशाळले की काय सांगू! माझा एकही नियम चुकला नव्हता आणि तरी मी त्याला तोंडघशी पाडले होते.

मग त्याने बटणांनीच वाघाला बंद केले आणि मुलांकडे वळला. "रुको, हसू नका. वाघ पुढं का आला, सांगा बरं? मी तीन हप्ते नव्हतो. तुम्ही इथं रोज वाघाला हाका मारल्या. हे बिचारं हाका मोजतंय. ज्याला जास्त हाका, तो पुढं. माझा वाचक मागं राहिला. मग आता काय करायचं?"

याह्याने बोटे पुन्हा बटणांवर ठेवली.

"एक अक्षर जादा लिहायचं. वाघाच्या नावात 'च' हाय का?"

त्याने 'वाच' लिहिले. वाघोबा रांगेतून बाहेर पडला, वाचक एकटा उरला. एंटर. "वाचक सुरू झाला." पुढच्या दहा मिनिटांत त्याने एक अर्ज लिहिला, वाचून घेतला, जपून ठेवला.

तात्यासाहेब उठून त्याच्यापाशी आले. "हे नाव वर-खाली का होतंय, ते इतकी वर्षं मलाच ठाऊक नव्हतं. एक तारखेपासून येतोस ना सकाळी?" मग मॅडमकडे वळून म्हणाले, "आणि तो वाघ काढून टाका आधी."

मोनिकाचे डोळे भरले. "सर, मीच लई खेळले."

"काढू नका," याह्या म्हणाला. "खेळ बेटा. पण जाताना वाचकाला एक हाक मारून जा."

त्या दिवसापासून उन्हाळी बॅचची रीतच पडली. खेळ आटोपला की खेळलेले, न खेळलेले एकेक मूल मला उघडायचे, 'वा' लिहायचे, एक ओळ खाली उतरून वाचकाला बोलवायचे. "वाचक सुरू झाला," ऐकले की हसत बंद करायचे. नवव्या दिवशी मोनिका ओरडली, "आला! पयला आला!"

एक तारखेला याह्या शिकवायला आला. चार नंबरवर बसला, 'वाच' लिहायला निघाला आणि 'वा'पाशीच थबकला. काय वाटले कोण जाणे, त्याने एंटर मारला. "वाचक सुरू झाला." तो कितीतरी वेळ हात मांडीवर ठेवून ऐकत बसला.

मित्रांनो, मी आजही हाकाच मोजते, मला दुसरे काही येत नाही. पहिल्या ओळीवर कोण यावे हे शेवटी तुमच्याच बोटांवर असते. म्हणून उठण्यापूर्वी, तुमच्यानंतर त्या खुर्चीवर कोण बसणार आहे एवढे आठवा. माझ्याकडे त्या उन्हाळ्यातल्या वाचकाच्या नावच्या पुष्कळ हाका जमा आहेत. त्या मारणाऱ्या एकाही मुलाला वाचकाची गरज नव्हती.