टोपलीचा दोर

दुपारपासून कपड्यांची टोपली स्वयंपाकघराच्या मधोमध ठाण मांडून होती आणि तिच्यात टेसा बसली होती. अर्लीनने घड्या घातलेल्या टॉवेलांची चळत टेबलावर वाढत चालली होती. पण नात सहा वर्षांची, आणि टोपली आता टोपली राहिली नव्हती, ती बाबाची बोट झाली होती. तेव्हा ती परत मागायची सोय नव्हती.

बोटीत माल भरपूर होता. बुटांचे खोके म्हणजे शेवंडं, ते मोठे समुद्री झिंगे, पकडायचे पिंजरे, आणि आजोबांचे जाड लोकरी मोजे म्हणजे आमिष. धुतलेले असले तरी आमिष म्हणून मोज्यांची निवड अगदी योग्य आहे, असं अर्लीनला मनातून वाटलं. बोट झग्याच्या पट्ट्याने खुर्चीच्या पायाला बांधलेली होती. त्याच खुर्चीवर हार्लन, तिचा नवरा, खिडकीकडे पाठ करून पेपर वाचत होता. खिडकीतून बोटींचा धक्का दिसायचा, म्हणून पाठ.

उद्या पहाटे हंगाम सुरू होणार होता. नोव्हेंबर सरत आला की नोव्हा स्कोशियाच्या या टोकाच्या सगळ्या बोटी पिंजरे रचून एकदम निघतात आणि अख्खं गाव अंधारात धक्क्यावर जमतं. हृदयाचं दुखणं निघालं म्हणून डॉक्टरांनी हार्लनला कायमचं घरी बसवलं होतं. त्यामुळे यंदा त्याच्या जागी मुलगा, टेसाचा बाबा डॅरेल, पहिल्यांदा सुकाणू धरणार होता. नव्या मालकाच्या पहिल्या फेरीला दोर सोडायचा तो जुन्या मालकाने, अशी इथली रीत. डॅरेल दोनदा येऊन विचारून गेला. दोन्ही वेळा हार्लनने गुडघ्याचं निमित्त काढलं. डॅरेलची पाठ वळल्यावर मात्र म्हणाला, "धक्क्यावरून हात हलवायला मी काय पाहुणा आहे?"

अर्लीन आयुष्यभर त्याच धक्क्यावर उभी राहून हात हलवत आली होती. तिला या बोलण्याचा रागच आला. पण रागापेक्षा धास्ती मोठी होती. हार्लन गेला नाही तर डॅरेल तोंडाने काही म्हणणार नव्हता, पण विसरणारही नव्हता. बाप-लेकांचं मन एकदा दुखावलं की किती वर्षं तसंच राहतं, हे तिने शेजारच्याच घरात पाहिलं होतं.

"निघत का नाही गं तुझी बोट?" तिने नातीला विचारलं.

"दोर कोण सोडणार?"

"मी सोडते की."

"तू नाही चालत, आजी. जुना मालक लागतो."

पेपर हलला नाही. टेसा रडली नाही की हट्टाला पेटली नाही. गुडघे पोटाशी घेऊन नुसती बसून राहिली, आणि असं बसणारं पोर फार जड जातं. शेवटी हार्लन कण्हत-कुथत वाकला, पट्टा सोडला आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. टेसाने टाचा घासत टोपली डावीकडे वळवली.

"डावीकडे नाही गं," हार्लनने पेपर खाली केला. "धक्का सोडताना सूर्य जातो तसं वळायचं, उजवीकडे. उलटं फिरलं की हंगामच उलटा जातो."

टेसाने निमूटपणे टोपली उजवीकडे घेतली आणि मधेच थांबली. "पण आजोबा, उद्या तर अंधार असणार. बाबाला सूर्य कसा दिसेल?"

"त्याला माहितीये. मीच शिकवलंय."

"तुम्हाला माहीत होतं, पहिल्या वेळी?"

"होतं."

"मग तुम्ही नाही चुकलात?"

हार्लनने आपल्या हातांकडे पाहिलं. "चुकलोच होतो," तो म्हणाला. "हात गारठलेले, पाठीमागे सगळं गाव. सुकाणू डावीकडे निघालंच होतं. धक्क्यावर माझा म्हातारा उभा होता, त्याने कंदील उजवीकडे हलवला."

अर्लीनच्या हातातली घडी तशीच राहिली. तो कंदील तिनेही पाहिला होता, सासऱ्यांच्या शेजारी उभी राहून. म्हातारा पोराला निरोप देतोय असंच ती इतकी वर्षं धरून चालली होती.

हार्लनने पेपर दुमडला. "माझे जाड मोजे कुठे टाकलेस?" त्याने तिला विचारलं, जणू दोष तिचाच.

तिने बोटीकडे बोट दाखवलं.

"ते आमिष आहे," टेसा म्हणाली.

"पहाटेपुरते दे. दोर सोडला की परत आणून देतो."

टेसाने थोडा विचार केला आणि मोजे काढून दिले. अर्लीनचे डोळे भरून आले, तिने ते हातातल्या टॉवेललाच पुसले. पहाटेला अजून अख्खी रात्र बाकी होती, पण हार्लनने खुर्ची खिडकीकडे फिरवली आणि मोजे पायात चढवायला घेतले.