टाकीमागची कुंडी

त्या सकाळी तिचं चित्त म्हणून ठिकाणावर नव्हतं. चहात साखरेऐवजी मीठ पडलं, शिवायला घेतलेल्या शर्टाची बाही उलटी जोडली गेली, आणि तरीही ती स्वतःशीच हसत होती. बेकरीवाल्या बाई आज गच्चीवर येणार होत्या, तिच्या ब्लूबेरी चाखायला!

स्वयंपाकघराच्या खिडकीत कागदी पेल्यांमधून वाढवलेली बोटभर रोपं आता तिच्या कमरेला लागत होती. या झाडाला आंबट माती हवी आणि घरच्या नळाचं पाणी क्षारांचं, भांड्यावर पांढरे डाग पाडणारं. म्हणून ती झारीत व्हिनेगरचे थेंब टाकायची. "झाडं लोणच्यासारखी मुरवत ठेवतेस का गं?" असं नवरा विचारायचा. पहिल्यांदा फुलं आली तेव्हा झाडाने आधी मुळं धरावीत म्हणून तिने ती सगळी खुडून टाकली होती. खुडताना तिला रडू आलं होतं, आणि नवऱ्याने त्यावरही चेष्टा केली होती.

नवरा रंगारी. माणूस लाख चांगला, पण गच्चीवर खोली बांधून भाड्याने द्यायची हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. भांडून भांडून शेवटी दोघांचं ठरलं होतं: बेकरीवाल्या बाईंना फळ पसंत पडलं तर गच्ची तिची, तिथे ती आणखी रोपं वाढवणार. नाही पडलं तर कुंड्या वाटून टाकायच्या आणि गवंड्याला बोलवायचं. गवंडी इतका उतावळा, की त्याने कुंड्यांच्या मधूनच खडूने भिंतींच्या रेघा ओढून ठेवल्या होत्या. पाणी घालायला गेलं की त्या तिच्या पायात यायच्या.

हातातलं काम टाकून ती टोपली घेऊन वर गेली आणि जागच्या जागी थिजली. झाडं ओकीबोकी! आणि मध्ये नवरा उभा, एका हातात मोठा वाडगा, दुसऱ्या हातात त्याचं पिवळं फडकं. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"बघ! उजाडल्यापासून लागलोय. तुझी अर्धी दगदग वाचवली."

वाडग्यातल्या ब्लूबेरी नव्या मोटारीसारख्या चमकत होत्या.

"सगळ्यांवर पांढरी धूळ बसली होती गं. एकेक पुसून काढली. पाहुण्यांपुढे काय तसंच ठेवायचं?"

"अहो, ती धूळ नव्हती!" ती जवळजवळ किंचाळली. "फळाचाच थर असतो तो! त्याच्यानेच फळ टिकतं!"

तिने एक फळ उलटं करून पाहिलं. देठापाशी गुलाबी. दुसरं, तेही गुलाबी. ब्लूबेरी निळी झाली म्हणजे पिकली असं नसतं. निळी झाल्यावरही ती झाडावर थोडे दिवस राहावी लागते, आणि मग अंगठा नुसता फिरवला की आपण होऊन हातात येते. पण जन्मभर भिंती रंगवणारा माणूस, निळं दिसलं की त्याच्या लेखी काम झालं. तिला त्याचा असा राग आला की वाडगा त्याच्याच डोक्यावर पालथा घालावासा वाटला. तेवढ्यात खाली बेल वाजली.

बेकरीवाल्या बाई धापा टाकत वर आल्या. कोपराला पीठ लागलेलं, बोलणं रोखठोक. त्यांनी एक ब्लूबेरी उचलून उजेडात धरली.

"याला काय पॉलिश केलंय?"

बाईंनी ती तोंडात टाकली आणि त्यांचा एक डोळा आपोआप मिटला. "बाई गं! दात आंबले की!"

संपलं सगळं. ती मान खाली घालून पायाखालच्या खडूच्या रेघेकडे बघत राहिली.

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. "ताई, हिची काही चूक नाही," तो पुढे होऊन म्हणाला. "हिला न विचारता मीच तोडल्या आणि मीच पुसल्या. हिने पोटच्या पोरांसारखी वाढवलीत हो ही झाडं."

खोलीसाठी इतके दिवस भांडणारा हा माणूस असं बोलेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिचा राग अर्ध्यावरच विरला.

"झाडावर एकही नाही उरली?" बाईंनी विचारलं.

"टाकीमागच्या कुंडीला आहेत," तो ओशाळून म्हणाला, "पण त्या कामाच्या नाहीत. पार पांढऱ्या पडल्यात. बुरशी लागलीय म्हणून मी हातच नाही लावला."

तिने झटकन मान वर केली. "पार पांढऱ्या?"

आणि ती धावत सुटली. खडूच्या रेघा तुडवत, टाकीला वळसा घालून थेट कुंडीपाशी. झाड लगडलं होतं! प्रत्येक फळावर तो पांढुरका थर, जाड आणि अखंड. तिने अंगठा एका घोसावर नुसता फिरवला, आणि पिकलेल्या टपोऱ्या ब्लूबेरी टपाटपा ओंजळीत पडल्या.

मागून आलेल्या बाईंनी एक खाल्ली. मग न विचारता दुसरी घेतली, तिसरी घेतली, आणि स्वतःच झाडाला हात घालून चौथी.

"या झाडाची आणखी रोपं करता येतील?"

"फांद्या लावून करता येतील. वेळ लागेल, पण येतील!"

"मग कर. पिकेल तेवढं सगळं मी घेणार. आणि तुझ्या नवऱ्याला लांब ठेव."

ती हसायला लागली, बाईही हसायला लागल्या, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

तिने टाकीआडून डोकावून पाहिलं. नवऱ्याच्या हातात पुन्हा ते पिवळं फडकं होतं. आता हा आणखी काय पुसतोय? पण तो वाडग्याकडे गेला नाही. त्याने फडकं झारीच्या पाण्यात बुडवून पिळलं, गुडघे टेकले आणि गवंड्याने ओढलेली पहिली रेघ घासायला घेतली.

रेघा पुसत पुसत तो दारापर्यंत पोचला आणि कंबर धरून उठायला लागला.

"अहो," ती ओरडली, "कोपऱ्यातली राहिली!"