टाचेखालची घडी

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी गज आहे, कानडी मुलखातल्या चिकपेट बाजारामधल्या नरसिंहरावांच्या कापडदुकानातला. नाव गज, लांबी एक मीटर, अंगावर सरकारी शिक्का. “अक्का, माझा गज खोटं बोलत नाही,” असं नरसिंहराव गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगायचे. आता मी कोपऱ्यात गंजतो.

वर्षातून एकदा मात्र माझा मान असतो. दिवाळी पाडव्याला माझी पूजा होते. मग घरातली मुलं खांबाला पाठ लावून उभी राहतात, मोठी माणसं मला त्यांच्या डोक्यावर आडवा धरतात आणि खांबावर कुंकवाची रेघ ओढतात.

दोन वर्षांपूर्वीच्या पाडव्याला नरसिंहरावांची नात सिद्धी उभी राहिली. दोन वर्षांची. नुसती उभी राहूनही धापा टाकत होती, केस घामानं ओले. तिची आई स्मिता पुण्याची. पोर दूध पितानाही दमते, असं ती कधीची सांगत होती. “तुम्हा पुण्याच्या लोकांना शंका फार,” म्हणून नरसिंहराव सुनेला गप्प करायचे. नातेवाईक बुटकी म्हणतील, म्हणून नरसिंहरावांनी परकराआड सिद्धीच्या टाचेखाली कापडाची जाड घडी सरकवली. रेघ वर गेली. पुढे वर्षभर स्मितानं तोंड उघडलं, की ते खांबाकडे बोट दाखवायचे.

गिऱ्हाइकाला बोटभर कमी मापलं तर दंड होतो. लेकराच्या मापात चार बोटं खोटी घातली, त्याचा दंड कोण करणार?

पुढच्या पाडव्याला स्मितानंच मुलीला फरशीवर उभं केलं. डोकं जुन्या रेघेच्या दोन बोटं खाली.

“धुतल्यावर आटली काय रे ही?” सिद्धीचे काका त्रिविक्रम म्हणाले. कुणी हसलं नाही.

“गेल्या वर्षी खाली घडी होती,” नरसिंहराव म्हणाले. “मीच घातली.”

दुसऱ्याच दिवशी स्मितानं सिद्धीला लहान मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. परत येऊन दुकानातच सगळ्यांना सांगितलं. काही मुलं हृदयात दोष घेऊनच जन्मतात. कुणाच्या हृदयाच्या पडद्याला छिद्र, कुणाची झडप अरुंद, कुणाच्या मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल. काहींचे ओठ निळे पडतात. काही छिद्रं आपोआप बुजतात. सिद्धीचं छिद्र मोठं होतं. फुप्फुसांत जास्तीचं रक्त जायचं, म्हणून धाप, म्हणून वाढ खुंटलेली. शस्त्रक्रिया करून ते बुजवावं लागेल; आणखी थांबलं तर फुप्फुसं कायमची बिघडतील.

“पोरीच्या छातीवर व्रण राहील,” नरसिंहराव पुटपुटले. “उद्या लग्न?”

“बाबा, व्रण दिसायला पोर तर राहू दे,” स्मिता म्हणाली.

त्यांनी खांबावरच्या त्या खोट्या रेघेवर बोट टेकवलं. मग म्हणाले, “सरी, ठीक आहे. कधी जायचं?”

शस्त्रक्रिया झाली. यंदाच्या पाडव्याला सिद्धी धावतच खांबाशी आली. मला तिच्या डोक्यावर धरण्याआधी नरसिंहराव गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी तिच्या टाचेखाली बोट घालून बघितलं. खाली फरशीच होती. नवी रेघ खोट्या रेघेच्या कितीतरी वर गेली. ती खोटी रेघ पुसायला निघालेल्या त्रिविक्रमांना ते म्हणाले, “राहू दे. मला दिसली पाहिजे.”

मित्रांनो, मला तेलपाणी नाही केलंत तरी चालेल. लेकरू धापा टाकू लागलं, निळं पडलं, वाढेना, तर त्याला डॉक्टरांना दाखवा. लोकांना दाखवायला त्याच्या टाचेखाली घड्या घालू नका.