आधी टेस्टर

टक्. दुपारच्या शांततेत दारामागच्या बोर्डातला स्वयंपाकघराचा खटका पडला आणि विठाबाईंच्या हाताखालचा मिक्सर सुरू होता होताच गप्प झाला.

स्नेहाने मांडीवरचं पुस्तक मिटलं. परवा मंगळवारी वायरमनच्या परवान्याची तोंडी परीक्षा होती आणि गेला तासभर ती एकच पान वाचत होती.

"चिमाजीला फोन लाव गं," सासूबाई ओट्यापाशी उभ्या राहूनच म्हणाल्या. "चटणी अर्धवट राहिली माझी."

चिमाजी. अंबडच्या कारखान्यात पॅनेलच्या तारा जोडायच्या स्नेहाने आणि 'तपासले, बरोबर आहे' याखाली सही ठोकायची चिमाजीने. परवाना त्याच्याकडे होता. सही करताना तो आत डोकावतही नसे. "तुझ्या कामात काय बघायचं, वहिनी," म्हणायचा आणि चहाला जायचा.

"नको. मी बघते, आत्याबाई."

"बघ बाई. परवा परीक्षा, अन् आज हात भाजून घे."

सहा वर्षांच्या लेकीने, मैत्रीने, तेवढ्यात स्टूल ओढलं आणि आजीचा चष्मा नाकावर चढवला. समोर परीक्षा घेणारे साहेब बसायची सवय व्हावी म्हणून हा खेळ स्नेहानेच सुरू केला होता.

"नाव सांगा."

"स्नेहा बुद्धभूषण पगारे."

"हात का हलतोय?"

हलत होता खरा. दिवसाला शेकडो तारा बिनचूक जोडणारा हात, कुणी समोर बसून बघू लागलं की तिचं ऐकेनासा व्हायचा. श्वास मोजून झाले होते, पाढ्यांसारखी उत्तरं घोकून झाली होती.

गेल्या खेपेला याच परीक्षेत साहेबांनी हातात टेस्टर देऊन विचारलं होतं, या सॉकेटला करंट आहे का? टेस्टरचा दिवा लागला नाही. थरथर कुणाला दिसू नये म्हणून ती घाईने "नाही" म्हणाली आणि स्क्रू काढायला वाकली.

"बाई, गेला असतात आत्ता," साहेब म्हणाले.

टेस्टरच बिघडलेला होता, मुद्दाम दिलेला. मागून कुणीतरी पुटपुटलं, "पोळ्या सोडून आल्यात." कारखान्यात रोज सकाळी टेस्टर आधी चालू सॉकेटला लावून बघणारी ती, नेमकं तेवढंच विसरली होती. भीतीने नव्हे, भीती लपवायच्या नादात.

स्नेहाने आता हात पाठीमागे नेला नाही. समोर धरला.

"साहेब, हात कापतो माझा. कापू दे. काम यानेच करणार आहे, दुसरा नाही माझ्याकडे. आणि घाई करणार नाही."

"बरं," मैत्रीने चष्मा सावरला.

पडलेल्या खटक्यावर स्नेहाने चिकटपट्टी लावली, मध्येच कुणी तो वर करू नये म्हणून. मग प्रत्येक गोष्ट मोठ्याने बोलत गेली. टेस्टर हॉलच्या सॉकेटला: दिवा लागला. मिक्सरच्या सॉकेटला: लागला नाही. पुन्हा हॉलच्या: लागला. मगच स्क्रू. आत एक तार सुटून दुसरीला टेकली होती, टोक काळं पडलेलं. तिने ते कापलं, सोललं, नीट आवळलं. हात अजून कापत होता. स्क्रू मात्र सरळ बसला.

खटका वर केल्यावर मिक्सर घरघरला. विठाबाईंनी चटणीकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"परवा मीही येते. बाहेर बाकावर बसेन."

"मैत्रीला सांभाळायला?"

"नाय. तू बाहेर येशील तेव्हा बघायला."

स्नेहा हसली. मैत्री मात्र टेस्टर उलटसुलट करून बघत होती.

"मम्मी, हा खोटं सांगतो?"

"बिघडला असेल तर. म्हणून करंट नक्की असेल तिथे आधी लावून बघायचं. मगच त्याचं ऐकायचं."

मैत्रीने चष्मा काढला.

"चिमाजीकाका बघत पण नाही, तरी त्याला पास केलं. तुला नापास केलं. मग त्या साहेबांना आधी कुठे लावून बघायचं?"

विठाबाईंनी मिक्सर बंद केला. उत्तर त्यांनाही ऐकायचं होतं.